'अहो' की 'अरे'? आईला वाचून दाखवलेले परभाषेतले प्रेमपट

ओलीमाती | शनिवार, रात्री ११.५०

बाबा गेल्यापासून आई साताऱ्याहून माझ्याकडे पुण्याला आली आहे. रात्री तिला लवकर झोप लागत नाही, मलाही नाही. एका शनिवारी मी लॅपटॉपवर एक फ्रेंच सिनेमा लावून बसले होते, कानात इयरफोन. आई शेजारी येऊन बसली. थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली, "ती दोघं बोलतायत का गातायत?"

मी इयरफोन काढला. गातच होती. 'द अम्ब्रेलाज ऑफ शेर्बूर', १९६४ चा, झाक दमीचा सिनेमा. त्यात एकही वाक्य साधं बोललं जात नाही. गॅरेजातला मेकॅनिक गिऱ्हाइकाला गाडीचं काम झालं म्हणून सांगतो तेही गाऊनच. संगीत मिशेल लग्राँचं. मला वाटलं, आईला हे चमत्कारिक वाटेल. पण तिचं लहानपण संगीत नाटकांच्या रेकॉर्डी ऐकण्यात गेलेलं. "यात मधे गद्य नाहीच, सगळी पदंच," असं म्हणून ती पाय वर घेऊन नीट बसली.

आई सातवीपर्यंत शिकली, मराठी शाळेत. खालच्या इंग्रजी ओळी तिला वाचता येत नाहीत, म्हणून मी त्या मराठीत मोठ्याने सांगायला लागले. आणि लगेचच अडले. मुलगा सैन्यात बोलावल्यामुळे अल्जीरियाला निघालाय, मुलगी रडतेय, तुमच्याशिवाय मला जगता यायचं नाही म्हणतेय. आईने मला थांबवलं.

"तुमच्याशिवाय म्हणाली, का तुझ्याशिवाय?"

"आई, इंग्रजीत एकच शब्द असतो गं."

"इंग्रजीत असेल. ती कुठे इंग्रजी बोलतेय? लग्न झालंय का त्यांचं?"

"नाही."

"मग तुझ्याशिवाय."

मला फ्रेंच येत नाही. आमच्या इमारतीत एक बाई फ्रेंच शिकवतात, त्यांना दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, ती तरुण दोघं एकमेकांना 'त्यु' म्हणजे 'तू' म्हणतात. पुढे तिच्याशी लग्न करणारा जो जवाहिऱ्या आहे, त्याच्याशी ती 'व्हू' म्हणजे 'तुम्ही' वापरते. आईचा अंदाज बरोबर निघाला होता. मी मात्र दोघांनाही एकाच मापाने मोजत होते. इतकी वर्षं मी इंग्रजी ओळी वाचून परदेशी सिनेमे पाहिले, पण कोण कुणाच्या किती जवळ आहे हे त्या ओळींतून गळून जातंय, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आईच्या ते पाच मिनिटांत लक्षात आलं, कारण तिचं सगळं आयुष्य या एका फरकावर उभं आहे. बाबांना ती कायम 'अहो' म्हणाली. नाव घेतलं ते उखाण्यात, तेवढंच.

आणखी एक सांगायचंय. त्या सिनेमात मुलीची आई असते, छत्र्यांचं दुकान चालवणारी. ती मुलीला जवाहिऱ्याकडे वळवते. मी कॉलेजात असताना हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्या आईचा संताप आला होता. माझी आई म्हणाली, "दुकानावर कर्ज, मुलगी दिवसांत, आणि मुलाची पत्रं येत नाहीत. तिने करायचं काय? चुकलं नाही तिचं." मी त्या बाईकडे पुन्हा बघितलं. खरंच, ती दुष्ट नाहीये. दमीने तिला दुष्ट केलेलंच नाही, तसं मीच तिला पाहत आले होते.

(शेवट सांगतेय, पाहायचा असेल त्यांनी हा परिच्छेद सोडा.) डिसेंबर १९६३, बर्फ पडतंय, त्या मुलाचा आता स्वतःचा पेट्रोलपंप आहे. ती महागड्या गाडीतून योगायोगाने तिथे येते. त्यांची मुलगी गाडीत बसलेली. तो तिला बघायला जात नाही. निघताना ती त्याला विचारते, तू बरा आहेस ना? फ्रेंच बाईंनी सांगितलं, तिथेही 'तू'च आहे. लग्न दुसऱ्याशी, संसार दुसरा, मधे सहा वर्षं, आणि 'तू' तसाच राहिला. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ बोलली नाही.

तेव्हापासून दर शनिवारी एक सिनेमा. मी सांगते, ती ऐकते आणि बघते. मला इथल्या लोकांना विचारायचंय: तुम्हाला येणाऱ्या भाषांतले प्रेमपट कोणते? आणि त्यांत माणसं एकमेकांना काय म्हणतात? कथा सांगू नका, कथा कुठेही मिळते. मला हाक मारायचे शब्द हवेत.

---

कोपऱ्यातली_खुर्ची | रविवार, सकाळी ७.१५

ओलीमाती, तुमचा धागा वाचून मी आज फिरायला गेलो नाही.

मी गेली तीसेक वर्षं मुंबईत फिल्म सोसायटीचा सभासद आहे. ज्या सिनेमाने मला परभाषेतल्या प्रेमकथांची गोडी लावली तो म्हणजे वाँग कार-वायचा 'इन द मूड फॉर लव्ह' (२०००). हाँगकाँग, १९६२. शेजारशेजारच्या दोन घरांत एकाच दिवशी दोन भाडेकरू येतात. त्याची बायको आणि तिचा नवरा यांचं आपसात सुरू आहे, हे दोघांना कळतं ते एका टायवरून आणि एका पर्सवरून. त्या नवऱ्याचा आणि त्या बायकोचा चेहरा सिनेमा आपल्याला दाखवतच नाही. पाठ दिसते, आवाज येतो, तेवढंच.

आता तुमचा प्रश्न. सिनेमाभर तो तिला 'मिसेस चॅन' म्हणतो. चॅन हे तिच्या नवऱ्याचं आडनाव. तिचं स्वतःचं नाव सू ली-झेन. म्हणजे तो जेव्हा जेव्हा तिला हाक मारतो तेव्हा तिच्या नवऱ्याचं नाव त्यात असतं. आपल्याकडे 'कुलकर्णीवहिनी' म्हणतात ना, अगदी तसंच. आपण तसं म्हटलं की मधे कुलकर्णी उभा असतोच. ही गोष्ट मला चौथ्यांदा पाहताना कळली, आणि मग साधा 'नमस्कार मिसेस चॅन' ऐकूनही छातीत काहीतरी हलायला लागलं.

भाषेचं आणखी एक. घरमालकीणबाई शांघायच्या बोलीत बोलतात आणि भाडेकरू कँटनीजमध्ये उत्तर देतात. दोन्हीकडे सगळं समजतं. १९४९ नंतर शांघायहून हाँगकाँगला आलेल्या लोकांची ती वस्ती. वाँग स्वतः १९५८ साली शांघायला जन्मला आणि पाच वर्षांचा असताना हाँगकाँगला आला, म्हणून त्या घरातला पत्त्यांचा डाव, वाफाळणारं जेवण, 'जेवून जा हो' हा आग्रह, सगळं आतून आलेलं आहे. माझं आजोळ बेळगाव. तिथे आजी कानडीत विचारायची आणि शेजारीण मराठीत उत्तर द्यायची. त्यामुळे हाँगकाँगचा तो बोळ मला परका वाटलाच नाही. (तो बोळ खरं तर हाँगकाँगचाही नाही. साठच्या दशकातलं हाँगकाँग शिल्लक नव्हतं, म्हणून बरंचसं चित्रीकरण बँकॉकमध्ये झालं.)

टोनी ल्युंगला त्या वर्षी कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळालं. मॅगी चुंगला मिळालं नाही याची रुखरुख मला अजून आहे. नूडल्सचा डबा घेऊन ती जिना उतरते, त्या चालण्यात अख्खी बाई आहे.

आईंना हा दाखवाच. आणि 'मिसेस चॅन'चं मराठी काय करता ते कळवा.

---

चावडीवरचा | रविवार, सकाळी १०.०५

धागा छान आहे, पण एक मनापासूनचं बोलतो. 'इन द मूड'मधली हीच गोष्ट गिरगावातल्या चाळीत घडवली असती तर आपण तिला काय म्हटलं असतं? लफडं. बायका नळावर कुजबुजल्या असत्या. मग हाँगकाँगच्या जिन्यात तेच घडलं की आपल्याला ते हळुवार का वाटतं? मला शंका येते की भाषा कळत नाही म्हणूनच आपल्याला ती सुंदर वाटते. शब्दाला आपल्या घरचा वास नसतो. माझी बायको कोरियन मालिका बघते, त्यातला नायक घरी उशिरा येतो तर तिला त्याची दया येते. मी उशिरा आलो तर येत नाही.

हा आरोप नाही. मला खरंच समजून घ्यायचंय.

---

ओलीमाती | रविवार, दुपारी २.४०

चावडीवरचा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला, कारण उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आई म्हणाली, "आमच्या वाड्यात होती अशी दोघं. नाव नको घ्यायला. नळावर कुजबुज व्हायची, नाही असं नाही. पण ती दोघं चारचौघांत एकमेकांना इतकं जपून 'तुम्ही, तुम्ही' करायची की त्यावरूनच आम्हाला कळायचं. ज्यांचं काही नसतं ती माणसं इतकी जपून बोलत नाहीत."

म्हणजे घरचा वास तिथेही होताच. आपण तो सिनेमात घेतला नाही, एवढंच असेल. मला तर उलट वाटतं: दूरच्या भाषेत बघितल्यामुळे आईला वाड्यातली ती दोघं चाळीस वर्षांनी आठवली, आणि या वेळी तिने त्यांना नावं ठेवली नाहीत.

---

रंकाळा_काठ | रविवार, रात्री ९.३०

कोल्हापूरकर आहे. कोरियन मी सबटायटल बघून बघून शिकलो, मग दोन वर्षं रीतसर क्लास लावला. त्यामुळे इथं मला बोलायलाच पाहिजे.

कोरियन भाषेत तू-तुम्हीचा खेळ मराठीपेक्षाही अवघड. क्रियापदाच्या शेपटीवर सगळं असतं. शेवटी 'यो' लागलं की आदर, 'यो' गळालं की जवळीक. लोकं एकमेकांचं वय विचारतात ते याचसाठी, कुणी कुणाला काय म्हणायचं ते ठरवायला.

'वन फाइन स्प्रिंग डे' (२००१) बघा, हर जिन-होचा. नायक आवाज टिपणारा माणूस. मोठा माइक घेऊन बांबूच्या बनातला वारा टिपतो, देवळातल्या घंटीचा आवाज टिपतो. नायिका रेडिओवर काम करते. तो तिला घरापर्यंत सोडायला जातो आणि ती विचारते, रामेन खाणार का? तिथं 'यो' आहे, म्हणजे 'खाणार का तुम्ही?' आदरानं विचारलेला एवढासा प्रश्न, पण त्यानंतर कोरियात 'रामेन खाऊन जातोस का' या वाक्याचा अर्थच बदलला. आज कुणी ते विचारलं की समोरचा लाजतो. आणि शेवटाकडे तो तिला विचारतो की प्रेम बदलतंच कसं. तिथं 'यो' नाही. सगळा सिनेमा त्या दोन प्रश्नांच्या मधे आहे, आणि इंग्रजी सबटायटलात दोन्ही प्रश्न सारखेच उभे राहतात. मला हे कळलं तेव्हा मी सिनेमा थांबवून गच्चीवर गेलो होतो.

त्यात त्याची आजी आहे. आठवण गेलेली. नवरा कधीच वारलाय, तरी ती रोज रेल्वे स्टेशनवर जाऊन त्याची वाट बघत बसते. आईंना हे बघवेल का, ते तुम्ही ठरवा.

त्याच दिग्दर्शकाचा आधीचा 'क्रिसमस इन ऑगस्ट' (१९९८). गुन्सान नावाच्या बंदराच्या गावात छोटा फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस, फार दिवस उरलेले नाहीत. पार्किंगची पावती फाडणारी एक पोरगी फोटो धुवायला येते. ती त्याला सगळा वेळ 'आजॉशी' म्हणते. आता आजॉशी म्हणजे काका! वयानं मोठ्या अनोळखी माणसाला म्हणायचा शब्द. 'काका' म्हणताना तिच्या आवाजात काय काय येतं ते ऐकायला पाहिजे. त्याला काय झालंय ते तो तिला सांगतच नाही. चुंबन नाही, कबुली नाही. वडिलांना रिमोट शिकवताना चिडून उठून जातो आणि मग यंत्र कसं चालवायचं ते एकेक पायरी करून कागदावर लिहून ठेवतो. प्रेमपट म्हणताय, पण मला रडवलं ते त्या कागदानं.

गुन्सानला तो स्टुडिओ अजून जपून ठेवलाय. लोक जाऊन फोटो काढतात. मला एकदा जायचंय.

---

शाईचा_डाग | सोमवार, सकाळी ८.२०

'काका' वाचून अंगावर काटा आला.

मी पुण्यात जपानी शिकले, आता भाषांतराचं काम करते. माझी भर: 'लव्ह लेटर' (१९९५), दिग्दर्शक शुन्जी इवाई. कोबेत राहणारी हिरोको तिच्या वारलेल्या वाग्दत्त नवऱ्याच्या शाळेतल्या जुन्या पत्त्यावर पत्र पाठवते. ते घर पाडून तिथून रस्ता गेलाय असं तिला सांगितलेलं असतं. पत्र कुठेही पोचणार नाही, म्हणूनच ती ते टाकते. आणि ओतारू गावातून उत्तर येतं. त्याच्याच नावाच्या एका बाईकडून. इत्सुकी फुजी. वर्गात एक मुलगा आणि एक मुलगी, दोघांचं नाव तंतोतंत एक, आणि सगळी शाळा त्यावरून चिडवायची. हिरोको आणि ही इत्सुकी, दोन्ही भूमिका मिहो नाकायामाने केल्या आहेत.

हिरोकोच्या पत्रात फार काही नसतं. 'ओगेन्की देस् का? वाताशी वा गेन्की देस्.' इंग्रजीत त्याचं होतं 'कशी आहेस, मी ठीक आहे', आणि ते कोरडंठाक वाटतं. मी कितीतरी दिवस याला मराठी शोधत होते. मग माझ्या पणजीची पत्रं सापडली. 'इकडील सर्व क्षेम असे. तुमचे क्षेम कळवीत जावे.' हेच ते वाक्य! पत्राची सुरुवात म्हणून सगळे लिहायचे, न वाचता पुढे जायचं असं वाक्य. सिनेमाच्या शेवटाकडे हिरोको पहाटे बर्फात उभी राहून समोरच्या डोंगराकडे हे वाक्य ओरडते, जिथे तो गेला त्या डोंगराकडे. पुन्हा पुन्हा. क्षेम कळवीत जावे. ज्याच्याकडून कळणारच नाही त्याला.

कोरियात जपानी सिनेमांवर कित्येक वर्षं बंदी होती, ती १९९८ पासून टप्प्याटप्प्याने उठली. 'लव्ह लेटर' तिथे १९९९ ला लागला आणि जपानीचा गंध नसलेल्या लोकांनाही 'ओगेन्की देस् का' पाठ झालं. रंकाळा_काठ, तुमच्या क्लासमधल्या शिक्षकांना विचारून बघा.

ओलीमाती, आईंना हे सांगताना पत्रातली भाषा वापरा. 'तू कशी आहेस' नको.

---

तीनसांजा | सोमवार, पहाटे (तुमच्याकडे दुपार असेल)

मी न्यू जर्सीला असते. नवरा अमेरिकन, मराठी येत नाही. 'अरे' आणि 'चल' एवढं येतं.

आम्ही दोघांनी सेलीन साँगचा 'पास्ट लाइव्ह्ज' (२०२३) थिएटरात पाहिला. सोलमधली एक मुलगी बारा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर कॅनडाला जाते. शाळेतला मित्र मागे राहतो. बारा वर्षांनी ते एकमेकांना स्क्रीनवर भेटतात, आणखी बारा वर्षांनी न्यूयॉर्कला प्रत्यक्ष. तोवर तिचं एका अमेरिकन लेखकाशी लग्न झालेलं. तिचं नाव ना यंग होतं, परदेशात ते नोरा झालं. तो तिला ना यंगच म्हणतो. आता त्या नावाने हाक मारणारं जवळजवळ कुणीच उरलेलं नाही. मलाही इथे एका इंग्रजी अक्षराने ओळखतात. माझं पूर्ण नाव घेणारे लोक आता वर्षातून एकदा भेटतात.

त्यात तिचा नवरा तिला सांगतो की तू झोपेत फक्त कोरियनमध्ये बोलतेस, आणि तिथे मला येता येत नाही. थिएटरात माझ्या नवऱ्याने माझा हात धरला. बाहेर आल्यावर गाडी सुरू न करता तो म्हणाला, तूही बोलतेस. मला ठाऊक नव्हतं. सोळा वर्षांत त्याने कधी सांगितलं नव्हतं. काय बोलते म्हणून विचारलं, तर म्हणाला, कुणाला तरी 'अगं' म्हणतेस. तो 'अरे' ओळखतो, 'अगं' त्याला नवीन होतं. अगं म्हणजे माझी बहीण असणार.

सिनेमात एक बारमधला प्रसंग आहे. ती मधे बसलेली, एकीकडे तो, दुसरीकडे नवरा, आणि ती इकडचं तिकडे सांगतेय. मग हळूहळू सांगायचं थांबते. माझे आईबाबा इथे येतात तेव्हा जेवणाच्या टेबलावर मी तीच असते. कोणतं वाक्य भाषांतर करायचं आणि कोणतं गिळायचं हे मीच ठरवते. चावडीवरचा, तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर: मला तो सिनेमा भाषा कळत नाही म्हणून सुंदर वाटला नाही. माझ्या घरात रोज जे अर्धं कळतं तेच त्यात होतं.

---

चावडीवरचा | सोमवार, रात्री ८.००

तीनसांजा, वाचलं. बायकोलाही वाचायला दिलं. या शनिवारी आम्ही 'क्रिसमस इन ऑगस्ट' लावतोय, दोघं मिळून.

---

दगडी_जिना | मंगळवार, दुपारी १.१०

फ्रेंचवाल्यांसाठी एक: सेलीन सियामाचा 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' (२०१९). अठराव्या शतकातला ब्रिटनीचा किनारा, एक चित्रकार बाई आणि जिचं चित्र काढायचं ती मुलगी. जवळ आल्यावरही त्या एकमेकींना 'व्हू' म्हणत राहतात, त्या काळाच्या रीतीप्रमाणे. निरोपाच्या वेळी जिन्यावरून उतरताना मागून हाक येते: मागे वळ. क्रियापद 'तू'चं आहे. इंग्रजीत ते ऐकूच येत नाही.

आणि जर्मन: फासबिंडरचा १९७४ चा 'अली: फिअर ईट्स द सोल'. साफसफाईची कामं करणारी साठीतली विधवा एमी आणि तिच्यापेक्षा कितीतरी तरुण मोरोक्कन कामगार. सिनेमाचं जर्मन नावच व्याकरणाने चुकलेलं आहे, अली बोलतो तसं. 'भीती आत्मा खाणे', असं काहीसं. कोपऱ्यावरचा दुकानदार त्याचं जर्मन कळत नसल्याचं सोंग करतो आणि सामान देत नाही. आपल्या शहरांत बाहेरून आलेल्या मजुराच्या मराठीला लोक काय उत्तर देतात हे मी ऐकलेलं आहे, त्यामुळे तो प्रसंग मला खाली बघून पाहावा लागला. मॅक्सम्युलर भवनाच्या वर्गात असताना पहिल्यांदा पाहिला होता. व्याकरण शिकत होतो आणि चुकलेल्या वाक्यात एवढं प्रेम असू शकतं हे त्या दिवशी कळलं.

---

ओलीमाती | पुढचा रविवार, रात्री १२.२०

सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. 'आजॉशी'वर ती हसली आणि लगेच गप्प झाली. पत्रातलं 'क्षेम' तिला एवढं आवडलं की काल मावशीला फोनवर तेच विचारलं.

'इन द मूड' पाहिला. मिसेस चॅनचं मी 'चॅनवहिनी' करून बघितलं. आई म्हणाली, नको, वहिनी म्हटलं की नातं लागतं, मग त्याला तिच्याकडे बघताही येणार नाही. 'बाई' म्हण. म्हणून सिनेमाभर 'चॅनबाई' आणि 'चाऊसाहेब'. शेवटी तो कंबोडियात अंगकोर वाटच्या भिंतीतल्या भोकात तोंड लावून कुजबुजतो, त्याला सबटायटल नाही. मी गप्प बसले. आईने विचारलं नाही काय म्हणाला ते.

काल रात्री अकी कौरिस्माकीचा 'फॉलन लीव्ह्ज' (२०२३) लावला. फिनलंड, हेलसिंकी. ८१ मिनिटं, आईच्या डोळ्यांना झेपेल एवढाच. ती सुपरमार्केटात कामाला, तो कारखान्यात, आणि दारू पिणारा. दोघंही फार बोलत नाहीत. फिनिश भाषेत 'तो' आणि 'ती' याला एकच शब्द आहे असं नंतर वाचलं. मराठीत तर 'आला' की 'आली' हे ठरवल्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही.

पण माझा घोळ वेगळाच झाला. ती त्याला फोन नंबर कागदावर लिहून देते, पण नाव सांगत नाही. पुढच्या वेळी सांगेन म्हणते. कागद वाऱ्यावर उडून जातो. मग तो थिएटराबाहेर दिवसेंदिवस उभा राहतो, आणि तिथे पडलेल्या सिगारेटच्या थोटकांवरून तिला कळतं की तो येऊन गेला. आता अशा दोघांचं मी काय करू? ओळख नाही, नाव नाही. मी 'तू' म्हणायला लागले तर आईने हाताने थांबवलं. "नाव कळेपर्यंत 'अहो' लाव."

मग ती त्याला जेवायला बोलावते. घरात ताट एकच, म्हणून बाजारात जाऊन दुसरं ताट आणते, काटाचमचा आणते. तिथे आई मला म्हणाली, "थांबव जरा." मी थांबवलं. तिने पाणी प्यायलं. साताऱ्याहून येताना बाबांचं ताट तिने आणलं नाही, तिथेच वरच्या फळीवर ठेवलं, हे मला माहीत आहे. ती त्यावर काही बोलली नाही, मीही नाही. "लाव," म्हणाली.

पुढचं सगळं सांगत नाही. भांडण होतं, तुटतं, अपघात होतो, ती इस्पितळात जाऊन त्याच्या उशाशी बसते. शेवटी तो कुबड्या घेऊन बाहेर येतो आणि ती, तो आणि तिचं कुत्रं असे तिघं चालत लांब जातात. मी शेवटपर्यंत नेमाने 'अहो, चला' करत होते.

"आता 'अरे' म्हण," आई म्हणाली.

पुढच्या शनिवारसाठी कुणी नव्वद मिनिटांच्या आतला सांगेल का? इटालियन किंवा पोलिश असेल तर बरं, त्या भाषांतलं 'तुम्ही' कसं असतं ते आईला ऐकायचंय.